मागचा डावा टायर

आमच्या गाडीचे टायर नव्यासारखे दिसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्यांना वाटलं, आम्ही गुळगुळीत टायरांवर गाडी पळवत होतो. तसं नव्हतं.

माझे यजमान भोपाळच्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. पुणं सोडून आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, ते इथलेच झालो. मोठाल्या यंत्रांचे भाग यांच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय पुढे जात नसत. ज्या भागावर बनल्याची तारीख ठोकलेली नाही, तो ते हातातही घेत नसत. घरी ब्रेडच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय पुडा फोडायचा नाही, असा नियम होता.

गाडी आम्ही हौसेने घेतली, पण टाउनशिपमध्ये गाडी लागते कुठे? कारखान्यात जायला स्कूटर होती, बाजार पायी, दवाखाना कॉलनीतच. नऊ वर्षं ती बहुतेक क्वार्टरसमोर उभीच होती. सकाळी कडुनिंबाची सावली, दुपारी थेट ऊन. दर रविवारी हे स्वतःच्या गेजने चारही टायरांची हवा बघायचे, नक्षीत नाणं उभं धरून खोली बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "निम्मीसुद्धा झिजलेली नाही."

उन्हाळा सुरू होता होता एकदा गाडीच्या टायरमध्ये खिळा घुसला. हे ड्यूटीवर होते, म्हणून मीच आनंद नगरच्या पंक्चरवाल्याकडे गाडी घेऊन गेले. म्हातारा माणूस. त्याने पंक्चर काढलं, मग टायरची बाजू अंगठ्याने दाबून मला जवळ बोलावलं. दाबल्याबरोबर रबरावर बारीक बारीक चिरा उघडल्या, थंडीत टाचांना पडतात तशा.

"मैडम, घिसा नहीं है, पर बूढ़ा हो गया है। चारों का यही हाल है। बस्ती में चला लो, लंबे पे मत ले जाना।"

टायरच्या कडेला चार आकडे उमटवलेले होते. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे त्याने बोट ठेवून समजावलं. मला त्याआधी ते माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. दुसऱ्यांच्या मालावरच्या तारखा वाचण्यात यांची उभी नोकरी गेली होती.

जेवताना मी सांगितलं. हे हसले. "त्याला टायर विकायचे आहेत. नक्षी बघ की तू."

मी बघितली. नक्षी चांगलीच होती. चिरा दाखवायला यांना हाताला धरून बाहेर न्यायला हवं होतं, पण भात निवत होता, यांची शिफ्ट सकाळची होती, आणि खरं सांगायचं तर हे नाही म्हणाले म्हणून मला बरंच वाटलं. एक काम टळलं.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये टाउनशिपच्या शाळेतल्या गणिताच्या बाई राहायच्या. एकट्याच. नागपूरला भाऊ होता, बाकी कोणी नाही. संध्याकाळी आम्ही दोघी फिरायला जायचो. मे महिन्यात त्यांच्या एका विद्यार्थिनीचा साखरपुडा रायसेनला होता आणि बाई बसने निघाल्या होत्या.

"या उन्हात बसने कशाला?" मी म्हटलं. "आम्ही सोडतो ना. यांनाही सुट्टी आहे."

"भाऊजींना उगाच त्रास," बाई म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

त्या दिवशीसुद्धा यांनी निघण्यापूर्वी हवा तपासली. हवा बरोबर होती. रायसेन रोडला वस्ती संपली आणि गाडीने वेग घेतला. बाई मागे डाव्या बाजूला बसून मुलीसाठी घेतलेली साडी मला दाखवत होत्या, काठ किती नाजूक आहे बघा वहिनी, म्हणत. मी मागे वळले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत होता. आवाज झाला तेव्हा मला वाटलं, बाहेर कुठेतरी काहीतरी फुटलं. फुटला होता आमचाच मागचा डावा टायर. गाडीचं मागचं अंग वाहवायला लागलं. यांनी दचकून ब्रेक दाबला. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी आपोआप मंदावू द्यायची असते. हे यांनी नंतर वाचलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मागच्या बाजूने बाभळीवर आदळली.

आम्हां दोघांना पुढे पट्टे होते. मागे पट्टा लावायची आमच्याकडे कुणालाच सवय नव्हती, आणि मीही बाईंना लावा म्हटलं नव्हतं.

मला खरचटलं. यांचं मनगट मोडलं. बाई शुद्धीवर होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, माझे पाय कुठे आहेत?" पाय त्यांच्या जागी होते. साडी त्यांच्यावर पसरली होती.

मणक्याला मार लागला होता. बाई पुन्हा चालणार नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं, पण आम्ही तीन महिने ते मानलं नाही. मी रोज दवाखान्यात डबा न्यायचे. हे दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत. एकदा बाईच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत." तेवढं ऐकून हे जिन्यात बसून रडले.

पंक्चरवाल्याचं बाईंना ठाऊक नव्हतं. ते माझ्या पोटात राहिलं होतं. एका दुपारी, त्यांचे केस विंचरताना, मी सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "हे आता का सांगता आहात? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

त्यांनी माझ्या हातातून फणी काढून घेतली. "उद्यापासून डबा नका आणू."

शाळेला दुसऱ्या शिक्षिका आल्या, क्वार्टर रिकामं करावं लागलं. भाऊ येऊन बाईंना नागपूरला घेऊन गेला. त्या दिवशी मी ओट्यावर उभी होते. त्यांनी गाडीतून बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी फोन करायचे, भाऊ "आहे तशीच आहे" म्हणायचा. पुढे तो उचलेनासा झाला, मग नंबर बंद झाला.

यांनी उरलेले तीन टायर करवतीने अंगणात कापले. कुणी ते घेऊन पुन्हा चढवू नयेत म्हणून. दोन दिवस लागले, जोडलेलं मनगट सुजलं. गाडी भंगारात गेली.

मग हे कॉलनीतल्या गाड्या बघायला लागले. कुणाच्याही गाडीशी खाली बसायचे, ते चार आकडे वाचायचे आणि बेल वाजवायचे. "तुमचे टायर सात वर्षांचे झालेत. नक्षीवर जाऊ नका." लोक चहा द्यायचे, "हो साहेब, बदलतो" म्हणायचे. महिन्याभराने तेच टायर तिथेच असायचे. पुढे लोक दार उघडेनासे झाले. एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर सुनावलं, "पहले अपनी देखनी थी न?" हे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

निवृत्तीनंतर आम्ही भोपाळमध्येच अयोध्या नगरला भाड्याने राहतो. इथे गाड्या खूप आहेत. संध्याकाळी फिरताना हे दर दोन घरांमागे वाकतात, चष्मा सारखा करतात, आकडे पुटपुटतात. आता कुणाला सांगत नाहीत. नुसते वाचतात. मी बाजूला उभी राहते, कोणी बघत असेल तर त्याच्याकडे बघून जरा हसते. हे उठले की आम्ही पुढे चालायला लागतो.