सोबत कोण आहे?

मे महिन्यातली ती दुपार आठवली की आजही माझ्या तळहातांना घाम सुटतो. पोलिसाने भीतीबद्दल बोलू नये म्हणतात. मी निवृत्त झालोय, आता बोलतो.

वडील संशोधन संस्थेत नोकरीला आले आणि आम्ही सांगलीकर लखनौचे झालो. मी इथल्याच पोलीस दलात भरती झालो आणि शेवटची काही वर्षं गोमती नगर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथे आम्ही बारमालक, वेटर आणि ऑटोवाल्यांना एकत्र बसवून एक रीत घालून दिली होती. गिऱ्हाईक झिंगलं की पुढचा पेग द्यायचा नाही. गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि ओळखीच्या ऑटोत बसवून घरी धाडायचं. पहिल्याच बैठकीत एक मालक कुरकुरला, "साहब, लखनऊ में मेहमान को मना कैसे करें?" मी म्हटलं, "शिकंजी पिलाकर." दारूऐवजी लिंबू सरबत पाजायचं ऐकून सगळे हसले, पण रीत रुळली.

त्या रविवारी ठाण्यात एक बाई धावत आल्या. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्या थेट मराठीत बोलू लागल्या.

"दादा, हे आत्ता ऑटोने घरी आले. पोरगी नाही हो बरोबर! गाडीपण नाही."

नवरा बँकेत अधिकारी. पाच वर्षांच्या मुलीला शाळेचं दप्तर घेऊन देतो म्हणून सकाळी बाहेर पडला होता. गाडीचा नंबर नियंत्रण कक्षाला कळवून मी त्यांच्या घरी गेलो. गडी सोफ्यावर आडवा. तोंडावर पाणी मारलं, दरडावलं, गोड बोललो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "चाभी वेटरकडे आहे," एवढं बोलून तो घोरू लागला.

कुठला बार, कुठला वेटर? तेवढ्यात आमच्या बैठकांना येणाऱ्या एका ऑटोवाल्याचा फोन आला. नाक्यावर शिपायाने विचारपूस केल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "साहब, उन्हें मैंने ही छोड़ा था," म्हणत त्याने बारचं नाव सांगितलं.

बारच्या पार्किंगमध्ये ती गाडी नव्हती. किल्ल्या ठेवायच्या पेटीत तिची किल्ली नव्हती. ज्या वेटरने त्याला ऑटोत बसवलं तो पाळी संपवून गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. नशेतल्या माणसाला सुखरूप घरी पोचवायच्या नादात आम्ही त्याची गाडी आणि लेक कुणा भलत्याच्या हाती तर दिली नाही?

वेटर जवळच्याच वस्तीत राहत होता. आम्ही पोचलो तेव्हा तो पिशवी भरत होता.

"चाभी कहाँ है?"

"कौन सी चाभी, साहब?"

झडतीत ती त्याच्याच खिशात निघाली. हवालदाराने हात उगारला, मी तो धरला. निर्दोष माणूसही पोलिसांशी खोटं बोलतो. जो आळ आपल्यावर येईल अशी त्याला भीती असते, त्याबद्दलच तो खोटं बोलतो. या पोराला मागे एका गिऱ्हाइकाने चाभीचोर म्हणून भर बारमध्ये थोबाडीत मारली होती. आज किल्ली पेटीत टाकायची राहिली, घाबरून तो गावी पळायच्या बेतात होता आणि दारात पोलीस बघून त्याची गाळणच उडाली.

"चोरी की बात छोड़ो. पाँच साल की बच्ची गायब है."

पिशवी बाजूला टाकून तो म्हणाला, "बच्ची? साहब, वो तो अकेले आए थे."

मग मी प्रश्न विचारणं थांबवलं. गिऱ्हाईक आल्यापासून काय काय घडलं, ते त्यालाच सांगू दिलं.

"हर पेग के बाद पीछे वाले दरवाज़े से बाहर जाते थे. हम समझे, सिगरेट पीने जाते होंगे. बाद में जाना बंद कर दिया."

तो माणूस सिगरेट ओढायला जात नव्हता.

बारच्या मागे अर्धवट बांधलेल्या इमारतीलगतचा बोळ होता. भिंतीच्या सावलीत गाडी उभी होती, पुढच्या काचा बोटभर खाली. मी किल्लीचं बटण दाबलं. दार उघडताच भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. पोरगी मागच्या सीटखाली मुटकुळं करून पडली होती. श्वास चालू आहे की नाही कळेना. मी देवाचं नाव घेतलं, हे कबूल करतो. मग तिचे ओठ हलले.

ओल्या फडक्यात गुंडाळून तिला जीपनेच दवाखान्यात नेलं. "थोड़ी देर और होती तो..." म्हणत डॉक्टर तिला सलाईन लावू लागले. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, तेव्हा आमच्या महिला शिपायाने विचारलं, "बेटा, शीशा क्यों नहीं बजाया?"

"पापा ने बोला था, चुप बैठना."

बापावर रीतसर गुन्हा नोंदवला. त्या आठवड्यातच आम्ही सगळ्या बारवाल्यांना पुन्हा बोलावलं. तेव्हापासून किल्लीला हात लावण्याआधी "साथ में कौन है?" हे विचारायचं आणि स्वतः जाऊन गाडीत डोकावायचं, असा नियम झाला. पिणाऱ्यावर नजर ठेवायला आम्ही सगळ्यांना शिकवलं होतं. न पिणाऱ्याकडे बघायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

पण खरा धडा मला त्या बाईंनी दिला. जबाब घेताना मी जरा रागानेच विचारलं, नवऱ्याचं पिणं माहीत असताना पोरीला त्याच्याबरोबर पाठवलीत कशी?

त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर पाठवली, दादा. ती बरोबर असली की ते पीत नाहीत."