सरकीची घट

नाव: जानराव संपत गावंडे. वय: एकोणसत्तर. मुक्काम: मोठी उमरी, अकोला. व्यवसाय: परवानाधारक मापारी, बाजार समितीच्या आवारात धान्य व कापूस तोलण्याचे काम, छत्तीस वर्षे, सध्या निवृत्त. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर तागडीच्या दांडीचा घट्टा. चुकीच्या मापाबद्दल आलेल्या तक्रारी: निरंक. पाळीव जनावरे: एक. प्रकार: मांजर, मादी, वय तेरा. शेरा: सदर इसमाने तोललेले बरोबर असते, याबद्दल अडते, खरेदीदार व शेतकरी या तिन्ही पक्षांचे एकमत आहे. अन्य कोणत्याही बाबतीत या तिघांचे एकमत झाल्याची नोंद नाही.

मांजराचं नाव सरकी. तेरा वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये, कापसातून काढलेल्या सरकीच्या ढिगात, ते सापडलं आणि जानरावांच्या सदऱ्याच्या खिशातून घरी आलं. त्या वेळी ते दोनशे तीस ग्रॅम होतं, हे सांगायला नको. जानरावांच्या घरी काहीही आलं की आधी तोललं जायचं, मग त्याचं स्वागत व्हायचं. निवृत्तीनंतर तोलायला काही उरलं नाही, तेव्हा सरकी उरली. दर सोमवारी सकाळी अंगणातल्या कडुलिंबाला तागडी टांगायची, एका पारड्यात टोपलं, टोपल्यात मांजर. टोपल्याचं वजन वजा. सरकी वजन होईपर्यंत हलत नसे. घरात जानरावांशी वाद न घालणारी ती एकटीच होती, पण तिच्यावर त्यांचा जीव किती होता याची जाहीर वाच्यता त्यांनी कधी केली नाही.

दिवाळीत सरकी चार किलो दोनशे भरली. संक्रांतीला तीन नऊशे.

"कमी झाली वो," मैनाबाई म्हणाल्या. या त्यांच्या पत्नी. छत्तीस वर्षं मापाऱ्याबरोबर काढूनही त्या मीठ अंदाजानंच टाकत.

"दिवाईचा माल ओलाच राह्यते," जानराव म्हणाले. "सोयाबीन पाह्य. दिवाईले आनलेलं सोयाबीन संक्रांतीले तेवढंच भरते का? वायते. घट धराच लागते."

ही घट म्हणजे मार्केटातला धर्म होता. माल पडून राहिला की वाळतो, वाळला की हलका होतो, आणि शंभर किलोमागे किलो-दोन किलो कमी भरले तर शहाणा माणूस भांडत नाही. भांडतो तो नवशिका. जानरावांनी असे नवशिके पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना हा धर्म समजावून सांगितला होता. एकानंही प्रतिवाद केला नव्हता. सरकीनंही केला नाही.

होळीला ती साडेतीन किलोवर आली. पाठीचा कणा हाताला लागू लागला. अंगावरची लव बुरसटलेल्या कापसासारखी चिकट झाली. दुधाची वाटी अर्धी राहू लागली. मात्र पाणी ती भरपूर पीत होती. मार्चात कुलर सुरू झाला, तशी ती कुलरखालच्या परातीशी जाऊन बसे आणि पुन्हा पुन्हा पाणी पिई.

आता अकोल्यात मार्चपासून जूनपर्यंत एकच आरोग्यविषयक सल्ला चालतो. डॉक्टर, कंडक्टर, शाळेचे मास्तर आणि व्याही, सगळे तोच देतात: पाणी प्या. तेव्हा एखादं जनावर कोणी न सांगता पाणी पीत असेल तर त्याचं कौतुकच व्हायला हवं. जानरावांनी केलं.

"शायनी हाय. तुह्यापेक्षा जास्त पानी पेते."

"अवो, पन इतकं? अन् मुततेही तेवढीच. अंगनातली राख पुरून नाई राह्यली तिले."

"ऊन किती हाय?"

ऊन त्रेचाळीस होतं. मैनाबाई गप्प बसल्या, आणि आपण गप्प बसलो हे त्यांनी पुढे बरेच दिवस लक्षात ठेवलं.

गप्प बसल्या नाहीत त्या हाजराबी. समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या या बाईंकडे स्वतःची तीन मांजरं होती आणि दुसऱ्यांच्या मांजरांबद्दल मतं होती. एप्रिलातल्या एका सोमवारी त्या फाटकाशी उभ्या राहून तोलणं बघत होत्या. दोन किलो नऊशेच्या वजनांना काटा मधोमध थांबला.

"जानरावभाऊ, थे मांजर हाय का तूर हाय?"

"काहून?"

"तुमी तिले वायवून राह्यले. जरा तोंडाचा वास घ्या तिच्या. माह्या एका मांजरीचा मुतासारखा येत होता. गेली बिचारी. डाक्टरले दाखवा, तोलता काय नुसते?"

जानरावांनी वास घेतला. मग टोपल्यावर फडका बांधला.

डॉक्टर आरती काळमेघ यांचा दवाखाना नवीन होता. तोवर जानरावांच्या माहितीतले गुरांचे डॉक्टर गायी-म्हशींचे होते आणि ते जनावराच्या मागच्या बाजूनं तपासणी सुरू करत. या बाईंनी तोंडापासून केली. ओठ वर करून पांढुरक्या हिरड्या पाहिल्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली; ती खाली बसायला तयार नव्हती. गळ्याशी बोटं फिरवून थायरॉइडची गाठ आहे का बघितलं. पोट चाचपलं, तेव्हा त्यांचा हात एका जागी थांबला आणि पुन्हा तिथंच गेला. पुढच्या पायाला बोटभर पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. रक्त घेतलं, लघवी घेतली. सरकी नेहमीप्रमाणे हलली नाही.

"वजन कधीपासून कमी होतंय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न जानरावांना आयुष्यात प्रथमच योग्य माणसानं विचारला होता. त्यांनी उभं राहून उत्तर दिलं. दिवाळी, चार दोनशे. त्यानंतरचा सोमवार, चार एकशे ऐंशी. त्यानंतरचा, चार एकशे चाळीस. असे सगळे सोमवार, तोंडपाठ, टोपलं वजा करून.

डॉक्टर लिहीत होत्या. संक्रांतीपाशी त्यांनी लिहिणं थांबवलं.

"काका, इतकं चोख वजन माझ्याकडं कोणीच आणत नाही. लोक म्हणतात, जरा बारीक वाटतंय. तुम्हाला तर आठवड्याआठवड्याला दिसत होतं."

"हो."

"मग आणलं का नाही?"

"घट धरली होती, बाई. वायन्याची."

"मांजरात धरत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तपासण्या आल्या. साखर ठीक, थायरॉइड ठीक. मूत्रपिंडं गेलेली. ती पाणी धरून ठेवू शकत नव्हती, म्हणून सगळं पाणी बाहेर जात होतं, म्हणून सरकी पीत होती. त्यात शहाणपणाचा भाग नव्हता. म्हातारं मांजर दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं, असंही डॉक्टरांनी सांगितलं. ही माहिती जानरावांनी लक्ष देऊन ऐकली. घरात दुसरं मांजर नव्हतं.

रोज कातडीखाली दीडशे मिलिलिटर सलाइन द्यायचं ठरलं. जानरावांनी धरायचं, मैनाबाईंनी सुई टोचायची. उलट करून पाहिलं होतं, पण जानरावांनी सुई परत मैनाबाईंच्या हातात दिली. पाणी आत गेलं की खांद्यामागे पिशवीसारखा फुगवटा येई आणि तासाभरात पोटाकडे उतरे.

पुढच्या सोमवारी सुईनंतर लगेच तागडी टांगली. तीन किलो पन्नास.

"वाढली," जानराव म्हणाले.

मैनाबाई सलाइनची नळी गुंडाळत होत्या. "पानी हाय थे."

वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस जानरावांनी उभ्या आयुष्यात तागडीवर चढू दिला नव्हता. गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला थर बाहेर काढायचा, मुठीत दाबायचा, आणि गाडी परत. एका ओळखीच्या माणसाची गाडी अशीच परत पाठवली, तेव्हा तो माणूस रडला होता. तरी पाठवली.

"वाढली त वाढली," ते म्हणाले, आणि वजनं उतरवली.

त्यानंतरचे दोन सोमवार त्यांनी सुईनंतरच तोललं. हाजराबी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि तोलणं पाहून परत गेल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सरकीनं पाणी पिणंही सोडलं. गुरुवारी दुपारी ती कुलरखाली गेली, ती तिथंच राहिली. मैनाबाईंनी हाक मारली, मग हात लावला, मग जानरावांना बोलावलं. कडुलिंबाच्या बुंध्याशी खड्डा खणायला तासभर लागला. काळी माती उन्हानं दगड झाली होती.

शनिवारी जानराव उरलेल्या चार सलाइनच्या बाटल्या घेऊन दवाखान्यात गेले. कोणाच्या तरी कामी येतील म्हणून. डॉक्टरांनी त्या ठेवून घेतल्या आणि वाईट वाटल्याचं सांगितलं. जानराव परत निघाले नाहीत.

"बाई, एक इचारू? संक्रांतीले आनली असती त?"

"काका, आता त्याचं काय."

"मापात सांगा."

मग डॉक्टरांनी मापातच सांगितलं. तेव्हापासून पथ्याचं खाणं, औषध आणि वेळेवर तपासण्या झाल्या असत्या, तर सरकी अजून दोन वर्षं जगली असती.