बाजारासमोरची माफी

श्री. वामनराव देवरे यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो. पंचवटीच्या चौकीत मी नव्यानं हजर झाले तेव्हा अण्णा तिथले बीट हवालदार होते, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांची गस्त त्यांच्याकडे होती. मी कडक सलाम ठोकला. त्यांनी विचारलं, "रिक्षानं आलीस का पायी?" मी ऐटीत म्हटलं, "रिक्षानं." "मग उद्या पायी ये. बीट पायाला कळतं, चाकाला नाही." मला तेव्हा भयंकर राग आला होता, हे त्यांच्या एकसष्टीच्या अंकात कबूल करायला हरकत नाही.

दर सोमवारी दुपारी अण्णा भाजीबाजारामागच्या पायऱ्यांवर बैठक घेत. भाजीवाल्या, पुजारी, रिक्षावाले, गल्लीतल्या बायका, ज्याला यायचं त्यानं यावं. अण्णा टोपी काढून मांडीवर ठेवत. "टोपी डोक्यावर असली की लोक फिर्याद सांगतात, मांडीवर असली की खरं सांगतात," असं ते म्हणत. कुणाचा नवरा पिऊन मारतो, कुठल्या बोळातला दिवा गेलाय, कोण पोरींच्या मागे फिरतंय, हे त्यांना गुन्हा घडायच्या आधी कळे. फक्त बाजारातले हमाल बैठकीला कधी येत नसत.

त्या पावसाळ्यात गल्ल्यांतून पितळी भांडी चोरीला जाऊ लागली. समया, घंगाळी, देवाची ताम्हनं. लोक आमच्यावर उखडले होते आणि मला चोर पकडायची घाई झाली होती. एका सकाळी घाटावरून एक माणूस पोतं खांद्यावर घेऊन लगबगीनं वर येताना दिसला. पोत्यात भांडी वाजत होती. मी भर बाजारात त्याची कॉलर धरली.

तो पेठ तालुक्यातला सोमा. भाताची लावणी उरकून हमालीला आलेला. "बाई, गुरुजींची भांडी हायेत. गंगेला पाणी येतंय, वर न्यायला सांगितली," तो कळवळून सांगत होता. गंगा म्हणजे इथली गोदावरी, पण ती तर खाली शांत वाहत होती. मी दुष्काळी नांदगावची. पाण्याचा टँकर कधी येतो ते मला ठाऊक, पण धरणातून पाणी सोडल्याचं पुकारलं की घाटावरची माणसं आधी भांडीकुंडी वर हलवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गर्दीतल्या दोघांनी सोमाला चापट्या मारल्या. मी त्यांना अडवलं नाही.

दोन तासांत पाणी पायऱ्या चढलं आणि भांडी आपलीच असल्याचं सांगत घाटावरचे गुरुजी धापा टाकत चौकीत आले. सोमाला सोडलं. गावी परत जातो, म्हणून त्यानं गाठोडं बांधल्याचं संध्याकाळी कळलं. चोराचं नाव पाठीवर घेऊन तो इथं कसा राहणार होता?

मी अण्णांना म्हटलं, "त्याला बोलावून घेते, चौकीत माफी मागते."

"धरलंस कुठं त्याला?"

"बाजारात."

"मग माफी चौकीत कशी?"

"अण्णा, वर्दीवर? लोक काय म्हणतील?"

"वर्दीवरच धरला ना? चुकलीस पोरी. चल, मी शे तुझ्यासंगं." एरवी शुद्ध बोलणारे अण्णा जिव्हाळ्यात आले की त्यांच्या तोंडी कळवणची बोली येई, 'आहे'चं 'शे' होई.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी बाजारात, सोमाला शेजारी उभं करून, आधी अण्णाच बोलले. "चूक आमच्या चौकीची आहे. हा माणूस चोर नाही." मग मी हात जोडले. सोमा म्हणाला, "बाई नवीन हायेत. ऱ्हाऊ द्या आता." त्यानं गाठोडं सोडलं.

पुढच्या सोमवारी हमाल पहिल्यांदाच बैठकीला आले. दुपारी गल्ल्या जेवून आडव्या झाल्या की एक भंगारवाला मागच्या बोळात टेम्पो लावतो, हे त्यांनी सांगितलं. ते त्यांना कधीचं दिसत होतं, पण पोलिसांना सांगावं असं वाटलं नव्हतं. आठवड्याभरात चोर सापडले.

अण्णांची माया अशी आडवळणाची. मला दिवस गेले तेव्हा त्यांनी साहेबांना सांगितलं, "माझं अक्षर कुत्रंसुद्धा वाचत नाही, लिहायचं काम तिला द्या." आणि माझ्या वाटणीची गस्त स्वतः घालत राहिले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, हे साहेबांनाही माहीत होतं.

निवृत्तीनंतर अण्णा कळवणला शेतावर गेले आणि ते बीट माझ्याकडे आलं. सोमवारची बैठक मी चालवते. लोक येतात, बोलतात, पण निम्मं बोलून झालं की "अण्णा कधी येणार?" असं विचारतात. मलाही तेच विचारायचं असतं, पण विचारू कुणाला? फार आठवण येते अण्णांची.

गेल्या महिन्यात एका फुलवालीला मी सगळ्यांदेखत उगाच झापलं. चूक कळली, पण तिच्यापर्यंत जायला मला तीन दिवस लागले. अण्णा इथं असते तर तासाभरात गेले असते.

म्हणून अण्णांना ठणठणीत प्रकृती लाभो, त्यांनी शंभरी ओलांडावी, असं मागताना माझा त्यात स्वार्थ आहे. आता चौकीत सगळे मला सलाम करतात. मी अजून चुकते, आणि "चुकलीस पोरी" म्हणणारं माणूस मला एकच आहे.