मैनाबाईचा हलका पाय

दर्यापूरचे आमचे शेजारी चंद्रभान कूलरच्या फायबर टाक्या बनवतात. आपल्याला न जमणारी गोष्ट जगात अजून निघायची आहे, अशी त्यांची खात्री आहे. त्यांची बायको मैनाबाई बाजारात भाजी विकते. जीपच्या अपघातात तिचा गुडघ्याखालचा पाय गेला. शिबिरात मिळालेला कृत्रिम पाय इतका जड, की दुपारपर्यंत मांडी भरून यायची. भाजीचं दुकान सोडायची वेळ आली होती.

चंद्रभान म्हणाले, "थांब, तुले कार्बन फायबरचा करून देतो. आकाशातल्या इमानात लावतात तोच!"

पुण्याच्या एका तज्ज्ञाने फोनवर बजावलं, की या कामाला हवेचा दाब देणारी महागडी भट्टी लागते. आमच्या शास्त्रज्ञांनी भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला. पायाच्या साच्यावर रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवलेलं कार्बन फायबरचं काळं कापड गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि कॉम्प्रेसरने आतली हवा ओढून घेतली. पौषातल्या थंडीत, सावलीत, दोन दिवसांत पाय टणक झाला. खरंच हलका होता. इथवर मला टोमणा मारायला जागा नाही.

पण लगेच गावात चंद्रभानांचा सत्कार! शाल, नारळ, भाषणं. पाय तासभर टेबलावर मांडलेला आणि मैनाबाई खुर्चीत अडकलेली. शेवटी तीच ओरडली, "आवो, माहा पाय द्या, मले घरी जायचं हाय!"

मे महिन्यात भर बाजारात तो पाय मऊ पडला आणि ती काकड्यांच्या ढिगावर आदळली. थंडीत वाळवलेलं रेझिन तापलं की नरमतं. वऱ्हाडचं ऊन जन्मभर डोक्यावर घेतलेला हा माणूस नेमका मे महिनाच विसरला! धन्य ती बुद्धी. मी हसलो, मग तिचं सोललेलं कोपर दिसलं आणि माझीच मला लाज वाटली.

नव्याने बनवलेला दुसरा पाय चंद्रभानांनी बेकरीत नेला. पाव काढल्यावर उरलेल्या धगीत, थर्मामीटर लावून, हळूहळू तापवला. मग आठवडाभर भर दुपारी उन्हात ठेवून त्यावर स्वतःचा भार टाकून पाहिला. या वेळी कुणाला बोलावलं नाही.

मैनाबाई त्या पायावर बाजारात गेली आणि संध्याकाळी चालतच परत आली. चंद्रभान दारातच उभे होते.

"कुठं रुतते का वं?"

"नाई," ती म्हणाली. "पण हे पयल्या पायाच्या वक्ती काहून नाई इचारलं?"

चंद्रभान खाली वाकून पाय चाचपू लागले. तेव्हा मीही विचारलं नव्हतं. सत्काराला टाळ्या मात्र मी सगळ्यांत जोरात वाजवल्या होत्या.