आज मेलीस का?

आमची मुलगी हवाई दलात लढाऊ विमान उडवते हे सांगताना माझी छाती फुगते आणि बायकोचा चेहरा पडतो. मी सगळी नोकरी बेलापूरच्या सरकारी कचेरीत एका खुर्चीवर बसून केली, त्यामुळे मला तिचं नुसतं कौतुक. बायकोला मात्र भीती वाटते आणि ती लपवतही नाही. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तर खारघरच्या आमच्या बाल्कनीवरून विमान गेलं की तिचे हात आपोआप जोडले जातात. त्यात गोव्याला निघालेले लोक असतात, हे सांगून सांगून मी थकलो.

गेल्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. वाळवंटातल्या एका तळावर मोठा सराव होता आणि पाच-सहा देशांची हवाई दलं आपापली विमानं घेऊन येणार होती. "लुटुपुटूची लढाई गं आई, टेन्शन नको घेऊस," ती म्हणाली.

"लुटुपुटूची आहे तर एवढ्या लांबून कशाला येतात?" बायकोने विचारलं. मी पेपरात डोकं घातलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला तो बायकोने स्पीकरवर टाकला. पलीकडून मुलगी हसत म्हणाली, "आई, मी आज मेले!"

शुभ बोल नाऱ्या म्हणतात ते उगाच नाही. बायको मटकन खाली बसली. मग मुलीला घाईघाईने समजावून सांगावं लागलं. सरावात खरं क्षेपणास्त्र कोणी सोडत नाही. खाली बसलेले पंच पडद्यावर बघतात आणि रेडिओवर सांगतात, तू मेलीस. मग निमूट बाजूला व्हायचं, ठरलेल्या ठिकाणी एक चक्कर मारायची आणि जिवंत होऊन पुन्हा लढाईत यायचं.

"म्हणजे कबड्डी," बायको डोळे पुसत म्हणाली. शाळेत असताना ती कबड्डीच्या संघात होती. "मग बाद झाले म्हण की! मेले काय मेले!"

फोन ठेवून ती मुलीच्या फोटोची दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली.

"अहो, मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं ना?"

"म्हणतात तसं."

"मग आज वाढलं तिचं," ती म्हणाली आणि मीठ परत बरणीत ओतलं.

तिथून आमच्या घरात उलटी गंगा वाहू लागली. रोज फोन आला की पहिला प्रश्न, "आज मेलीस का?" मेले म्हटलं की ही खूश. एकदा मुलगी दोनदा मेली, त्या दिवशी शिरा झाला. "मी पण एकाला पाडलं," असं तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "त्याच्या आईला कळवलं का कोणी? बिचारीला तेवढंच बरं वाटेल."

घरात नेटवर्कची बोंब असल्यामुळे हे बोलणं बरेचदा लिफ्टसमोर उभं राहून चालायचं. "मेलीस? बरं झालं बाई! उद्या पण मर हं." हे सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऐकलं. त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं.

"काका, काकूंची तब्येत बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं आणि पस्तावलो, कारण त्यांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांना गेटवर फ्लेक्स लावायचा होता. मुलीचा गणवेशातला फोटो, मागे सगळ्या देशांचे झेंडे आणि वर 'शत्रूला धूळ चारणारी खारघरची वाघीण'.

"फक्त एवढं सांगा काका, आपण हरवलं कोणाला?"

मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, तिथे हार-जीत नसतेच, एकमेकांकडून शिकायचं असतं. सगळे देश मिसळून दोन गट पाडले होते आणि ती स्वतः शत्रूच्या गटात होती.

"म्हणजे आपली पोरगी शत्रू?" सेक्रेटरींचं तोंड एवढंसं झालं. "हे फ्लेक्सवर कसं घालायचं?"

शेवटी नुसतं 'हार्दिक अभिनंदन' आलं, कशाबद्दल ते कोणी लिहिलंच नाही. सेक्रेटरींचा फोटो मुलीच्या फोटोपेक्षा मोठा होता.

मधल्या एका गुरुवारी फोन आला तेव्हा मुलगी म्हणाली, "नाही गं, आज नाही मेले. बोअर दिवस होता. तुझा गुडघा कसा आहे?" बायको म्हणाली, बरा आहे. त्या रात्री ती जेवली नाही. गुरुवार आहे, म्हणाली. गुरुवार दत्ताचा, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही.

सराव संपल्यावर मुलगी दोन दिवसांच्या रजेवर घरी आली. जेवताना मी सहज म्हटलं, "तसा खरा धोका काही नसतो ना?"

तिने भात कालवत म्हटलं, "एकदाच झालं थोडं. पक्षी धडकला इंजिनाला. पण उतरवलं नीट."

माझा घास हातातच राहिला.

"गुरुवारी," आमटी वाढत बायको म्हणाली.

मुलीने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मेले नाही म्हणालीस. आणि माझा गुडघा विचारलास. इतक्या वर्षांत कधी विचारला होतास?"

मला रडू आवरेना. आमटी तिखट झालीय असं म्हणून मी पाणी प्यायला उठलो. आमटीत तिखट नावालाही नव्हतं.

निघायच्या सकाळी लिफ्टसमोर बायकोने मुलीच्या हातावर दही ठेवलं. मग तिचं मनगट धरून म्हणाली, "हे बघ, रोज मर. आणि रोज मला फोन करून सांग, आई मी मेले म्हणून."

"मरेन गं आई," मुलगी तिला घट्ट धरून म्हणाली. "रोज मरेन."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत सेक्रेटरी हातात हार घेऊन उभे होते.