शेषरावची दुपारची फेरी

शेषराव पडघान मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून रुजू झाला तेव्हा १९७३ सालचा उन्हाळा सरत आला होता. आमचा तालुका त्या काळी अकोला जिल्ह्यात होता. मी त्याच कचेरीत दोन वर्षं आधीपासून नोकरीला. बाजारामागच्या गल्लीत माझी भाड्याची खोली होती, तिच्यात अजून एक खाट मावत होती. शेषराव इंझोरीचा, बौद्ध घरातला, त्याच्या घरात पगाराची नोकरी मिळवलेला पहिलाच. मी जऊळक्याच्या शेतकरी घरातला. तो खोलीवर आला, पत्र्याची पेटी ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मानिकराव, या गावात खायाचं काय काय भेटते?"

कचेरीतले आम्ही सगळे दुपारी डबे उघडायचो. शेषराव मात्र दीड वाजला की चप्पल घालून बाहेर. त्याची फेरी ठरलेली होती. सोमवारी बसस्टँडसमोर पोहे. बुधवारी लालसिंगच्या दुकानात कढी-भजे. शुक्रवारी दर्ग्याच्या वाटेवर गफूरभाईच्या हॉटेलात नानकटाई आणि चहा, आणि चहा तर रोजच तिथला. केस कापायचे ते कोपऱ्यावरच्या दुकानात, शर्ट शिवायचा तो गल्लीतल्याच शिंप्याकडे. अकोल्याहून तयार शर्ट आणलेल्या साहेबांना तो म्हणायचा, "चांगला आहे जी, पन बगलेत आवळला तं कोनाले सांगसान?"

तो खायचा कसा, हे पाहण्यासारखं होतं. घाई नाही. पहिला घास घेतला की डोळे मिटायचा, मग दुकानदाराकडे बघून काहीतरी खरं बोलायचा. "लालसिंग, आज ओवा जास्त पडला. पन बरा लागून राह्यला." लालसिंग हा सहा फुटी, मिशाळ गडी. आधी चिडायचा, मग हळूहळू असं झालं, की शेषराव बोलेपर्यंत तो झारा हातात धरून वाट बघत उभा राहायचा.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. दुकानात कितीही गर्दी असो, शेषराव मागच्या बाकावर कधी बसत नसे. अगदी पुढे, रस्त्यावरून दिसेल असा बसायचा. एकदा मी विचारलंच, "काहून रे, मागं जागा असून तू पुढंच?"

चहाची बशी खाली ठेवून तो म्हणाला, "आमच्या गावात हाटेलाच्या कुडात एक कप खोसलेला राहे. आमच्या लोकायसाठी. तो काढायचा, दुरून चहा घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, धुवून परत खोसायचा. छप्पन साली दीक्षा घेतली अन् माह्या बापानं तो कप हातात धरनंच सोडलं. म्हने, 'चहा पीन तं बाकावर बसून, नाही तं घरी.' बाकावर कोनी बसू देल्लं नाही. मंग बाप घरीच प्याला." जरा थांबून तो हसला. "आता मी साऱ्या गावात पिऊन राह्यलो. पुढच्या बाकावर. बापाच्या वाट्याचाबी."

मी माझा कप उचलला. चहा गार होत होता म्हणून पिऊन टाकला.

ऑक्टोबरात, दीक्षेच्या दिवशी, गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीत जेवण होतं. शेषरावने मला बोलावलं. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. पोट ठणठणीत होतं. रात्री तो आला तो नुसता तिथल्या भरताचं वर्णन करत होता. "भागिरथाबाई म्हनून एक बाई आहे. वांगं तुराट्याच्या जाळावर भाजते, वरून हिरवी मिरची कुटून घालते. भाकर अशी, का पदरावानी मऊ. मानिकराव, असं जेवन मी आपल्या साऱ्या गावात खाल्लं नाही!"

भागिरथाबाई चाळिशीची, एकटी बाई. नवरा कधीच वारला होता, मुलगी नांदायला गेली होती. दुष्काळाच्या दोन वर्षांत तिने रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली होती. आता ते काम बंद पडलं होतं. शेषराव तिच्या डोक्यात खानावळीचं खूळ भरवून आला. बाई म्हणाली, "कोन येईन माह्या हातचं खायाले?"

"मी येईन."

"तुमी एकले खासान अन् खानावळ चालन का?"

"सुरू तं करा. लोक मी आनतो."

बसस्टँडच्या बाजूला एक पत्र्याचं शेड रिकामं होतं. दिवाळी झाल्यावर बाईने तिथे दोन चुली घातल्या, शेणाने जमीन सारवली. वस्तीतल्या लोकांनी चार बाकं आणि दोन लांब टेबलं ठोकून दिली. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा कोणीतरी शहाणपणा सुचवला, की एखाद्या देवाचं नाहीतर फुलाचं नाव द्या, म्हणजे खानावळ कोणाची ते लोकांना कळणार नाही आणि गिऱ्हाईक येईल.

बाई चुलीपुढून उठली. म्हणाली, "रांधनार मी, धूर खानार मी, अन् नाव दुसऱ्याचं काहून? माहं नाव लिवा. मोठं लिवा."

पाटी लागली. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात, बसमधून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात – भागिरथाबाईची खानावळ.

पहिला आठवडा कठीण गेला. वस्तीतले मजूर आले, परगावचे एक-दोन ड्रायव्हर आले. शेषराव तर दोन्ही वेळा. पण गावातली माणसं पाटी वाचायची आणि सावकाश पुढे निघून जायची. भाकऱ्या उरायच्या. तिसऱ्या दिवसापासून बाईने पीठ कमी मळायला घेतलं, हे शेषरावने पाहिलं. त्या रात्री तो खोलीवर आला आणि सरळ खाटेवर आडवा झाला. मीही भिंतीकडे तोंड करून पडलो. कारण न जाणाऱ्यांत मी होतो. मला बाईचं वाईट वाटायचं, शेषराव माझा मित्र होता, आणि तरी पाय त्या शेडकडे वळत नव्हते. आई काय म्हणेल, गावचं कोणी पाहिलं तर – असलंच काहीतरी. आज लिहिताना लाज वाटते, पण होतं ते होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. शेषराव मला घेऊन लालसिंगच्या दुकानात गेला. बाकावर बसला नाही. सरळ कढईपाशी जाऊन उभा राहिला.

"लालसिंग, पाच-सहा महिने झाले, मी तुह्या इथी खाऊन राह्यलो. कधी बुधवारचा नागा केला का?"

"नाही."

"मंग आज तू माह्या सांगन्यावरून एका ठिकानी जेवाले जा. भागिरथाबाईच्या खानावळीत."

लालसिंगचा झारा थांबला. दुकानातले दोन-चार लोक खायचे थांबले. लालसिंग कढईत बघत राहिला. मग म्हणाला, "दुकान कोन पाहीन?"

"मी पाहातो."

"तुले भजे तळता येते?"

"तुह्यासमोर इतके खाल्ले, तळता येनार नाही का?"

कोणीतरी फिसकन हसलं. लालसिंगलाही हसू आवरेना. त्याने झारा शेषरावच्या हातात दिला, कमरेचा पंचा सोडून त्याच्या खांद्यावर टाकला आणि रस्त्यावर उतरला. चार पावलं जाऊन वळला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबू, तुमी नाही येत?"

मला वाटलं, सगळा बाजार माझ्याकडे बघतोय. खरं तर कोणी बघत नव्हतं. सगळे शेषरावकडे बघत होते, तो शर्टाच्या बाह्या वर सरकवत होता. मी लालसिंगच्या मागे चालायला लागलो.

शेडमध्ये शिरलो तेव्हा भागिरथाबाई भाकर थापत होती. एवढा मोठा माणूस दारात उभा पाहून तिचा हात थांबला. पण क्षणभरच. "बसा जी," म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली. आम्ही पुढच्या बाकावर बसलो. जर्मनच्या ताटात भरीत, गरम भाकर, कांदा, वर कच्च्या तेलाची धार. लालसिंगने घास मोडला. खाल्ला. मी त्याच्या मिशीकडे बघत होतो. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला आणि विचारलं, "बाई, मिरची भाजून घालता का कच्ची?"

"अर्धी भाजून, अर्धी कच्ची."

"हां! तेच म्हनतो मी." आणि माझ्याकडे वळून, "खाऊन पाहा ना बाबू, का नुसते पाहूनच राह्यले?"

मी खाल्लं. शेषरावने जे जे सांगितलं होतं ते सगळं कमीच होतं. पोट बिघडल्याचं खोटं सांगून मी ऑक्टोबरापासून काय गमावलं, ते त्या एका घासात कळलं. मी दोन भाकरी खाल्ल्या, लालसिंगने चार. शेवटची भाकर मागताना तो जरा लाजला. बाई म्हणाली, "खा जी. आज पीठ जास्त मळलं व्हतं. काहून मळलं ते मलेच ठाऊक नाही."

जेवण झाल्यावर लालसिंगने चहा मागितला. बाई म्हणाली, "चहा मी करत नाही. चहा गफूरभाईचा. त्यायचा धंदा त्यायच्यापाशी राहू द्या." तिने शेजारच्या माणसाकरवी निरोप पाठवला. गफूरभाई स्वतः किटली घेऊन आले. लालसिंगला तिथे बसलेला पाहून त्यांनी किटली खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हमकू क्या सिर्फ चाय पहुंचाने का काम है? बाई, एक ताट इधर भी."

आम्ही परत आलो तेव्हा लालसिंगच्या दुकानापुढे ही गर्दी. शेषराव कोपरापर्यंत बेसनाने माखला होता. परातीत काळ्या गोळ्यांचा ढीग पडला होता, आणि लोक विकत घेऊन खात होते आणि हसत होते. लालसिंगने एक गोळा उचलून दातांखाली धरला. "हे भजं हाये का गिट्टी?"

आमच्या मागोमाग गफूरभाई आले होते, त्यांच्यासोबत भागिरथाबाईही पदर खोचून आली होती, हे काय चाललंय ते बघायला. तिनेही एक उचललं, चावून पाहिलं. "मी दोन सालं गिट्टी फोडली जी," ती म्हणाली, "गिट्टी याच्याहून नरम राह्यते."

बाजारात असं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेषराव सगळ्यांत मोठ्याने हसत होता, आणि बेसनाच्या हाताने डोळे पुसल्यामुळे त्याचं तोंड पिवळं झालं होतं.

सगळं गाव एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. काही माणसं त्या शेडमध्ये कधीच आली नाहीत. पण लालसिंग दर मंगळवारी जायला लागला, आणि लालसिंग जातो म्हटल्यावर बाजारातले इतरही जायला लागले. कंडक्टर प्रवाशांना सांगायचे, "दहा मिनिटं गाडी थांबन, भरीत खाऊन घ्या." डिसेंबरात बाईने मदतीला वस्तीतल्या कस्तुराबाईला घेतलं. नंतर माझी आई डोळे दाखवायला मंगरूळला आली, तेव्हा मी तिला तिथेच जेवायला नेलं. पाटी तिला वाचता येत नव्हती. मी वाचून दाखवली. ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली, चुलीपाशी बसली आणि अर्धा तास दोघी कापसाच्या वेचणीवर बोलत होत्या. जाताना आईने वांग्यांचं बी मागून घेतलं.

१९७५ च्या मे महिन्यात शेषरावचं लग्न ठरलं. मुलगी वच्छला, कारंज्याकडची, शाळेत मास्तरीण. लग्न इंझोरीला. इंझोरीत आचारी ठरवायची बोलणी चालली आहेत हे कळताच लालसिंग कचेरीत आला. साहेब समोर असताना म्हणाला, "शेषराव, तुह्या लग्नात भजे दुसऱ्यानं तळाचे? मंग मी काय कराचं?"

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीच्या टपावर लालसिंगची मोठी कढई, गफूरभाईची पितळी किटली आणि भागिरथाबाईचे दोन तवे दोराने बांधलेले मी पाहिले. कढई इतकी मोठी की ड्रायव्हरने खाली उतरून दोनदा गाठी तपासल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला टपावर घंटा वाजल्यासारखा आवाज होई आणि गाडीतले सगळे वर बघत. बाई खिडकीपाशी बसली होती. गफूरभाई तिला सांगत होते, की दूध आपण आधी उकळून घेऊ, चूल मात्र तुम्ही लावून द्या.

इंझोरीत शेषरावच्या वडिलांनी, गोविंदाबाबांनी, या तिघांना मांडवाच्या दारात हार घातले. वराच्या मामांच्याही आधी. जेवणं संध्याकाळपर्यंत चालली. बुद्धवंदना झाली, पोरी-बाया नाचल्या, लालसिंग घामाने निथळत तळत राहिला आणि पंगतीतल्या कोणी काही बोललं नाही तर स्वतःच विचारायचा, "ओवा बरोबर पडला का?"

लग्नानंतर शेषरावने दर्ग्याच्या रस्त्याला वेगळी खोली घेतली. वच्छलावहिनी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी चहाला गेलो, तर दोघं बाहेर निघालेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी सयपाक कराले घेतला तं हे म्हनते, आज बुधवार आहे, लालसिंगकडे जा लागते. असं कुठं राह्यते का?"

"आता उद्या तुह्या हातचं खातो ना," शेषराव म्हणाला. "परवाबी. पन बुधवार लालसिंगचा."

आम्ही तिघं गेलो. वहिनी पुढच्या बाकावर बसल्या, पदर सावरला, कढीची वाटी उचलून एक घोट घेतला. लालसिंग झारा धरून उभाच होता. वहिनी विचार करून म्हणाल्या, "भजे चांगले आहेत. कढीले मेथ्याची फोडनी पाह्यजे."

दुकानातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. लालसिंगने शेषरावकडे पाहिलं, शेषरावने छपराकडे पाहिलं. पुढच्या बुधवारी कढीत मेथ्या होत्या, आणि त्या दिवसापासून लालसिंगच्या दुकानातली कढी भज्यांच्या आधी संपायला लागली.