श्रुतपंचमीचा रिकामा चौकोन

शाहूपुरीत आमच्या समोर नेमगोंडाकाका एकटे राहतात. त्यांची बायको अक्काताई गेल्यापासून त्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज येत नाही. एका माणसाचा भात, तो किती शिजणार?

अक्काताई रोज एका हस्तलिखित पोथीतून मोठ्यानं वाचायच्या. आम्ही बायका उंबऱ्याशी बसून ऐकायचो. तो कागद आता शाईनंच खाल्लाय, पान उलटलं की तुकडा पडतो. म्हणून काकांनी सगळी पोथी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली, अक्काताईंच्या नावानं शास्त्रदान म्हणून. पण दिलेलं शास्त्र कुणी वाचलं तरच ते दान पोचतं, असं काकांचं ठाम मत.

अडलं ते पहिल्याच खुणेवर. जुने लेखक सिद्धांना करायचं सगळं नमन एका वळणदार चिन्हात आटपायचे. ते कीबोर्डवर कुठंच नव्हतं. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, कमिटीतला सम्राट म्हणाला, "काका, ॐ टाका आन् मोकळं व्हा. कोण बघतंय?"

"अक्का बघायची," काका म्हणाले. "त्यावर बोट टेकवून, डोळं मिटून, मगच वाचाय लागायची."

युनिकोडमध्ये त्या चिन्हाला स्वतःची जागा आहे हे त्यांनी शोधून काढलं, तसा फॉन्टही मिळवला. श्रुतपंचमीला बस्तीत शास्त्राची पूजा झाल्यावर फाईल समाजाच्या ग्रुपवर टाकली. जोडलेल्या हातांचा आणि फुलांचा ढीग पडला.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन गॅलरीत बसायचे. कुणीतरी काही विचारील म्हणून. कुणी विचारलं नाही.

या आठवड्यात दुपारची कामं उरकून मी ती फाईल वाचत होते. पहिल्याच ओळीत रिकामा चौकोन. सांगावं का नको, असं झालं. आज शेवटी समोर गेले.

"काका, जयजिनेंद्र. वाईट वाटून घेऊ नका, पर तुमचं चिन्ह माझ्या फोनवर उमटत न्हाय. नुसता चौकोन येतोय. हरेक अध्यायाला."

"हरेक?" काका खुर्चीतून उठलेच. "म्हंजे शेवटपतूर गेलीस व्हय तू?"

"गेले की."

ते परत बसले. सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"फोनमधी तो फॉन्ट न्हाय, म्हणून चौकोन," ते म्हणाले. "पर ग्रुपातल्या एकालाबी अजून तो दिसला न्हाय बघ."

मग आतला दिवा लावला. "वाच की जरा. मोठ्यानं. उंबऱ्याशी नगं, आत ये."

मी त्या चौकोनावर बोट टेकवलं आणि डोळे मिटले.